जुन्या लोडरची दांडी

१९ डिसेंबर, गुरुवार

बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी अकरा महिने कपाटात कोरी पडली होती, आज कामाला आली. अमरावतीहून आचल नावाची मुलगी नवीन लोडर घेऊन आली, छोट्या ट्रॅक्टरला पुढून बसवलेलाच. म्हणाली, “मॅडम, संक्रांतीपर्यंत मशीन तुमच्याकडे ट्रायलला. रोज थोडं लिहून ठेवा, जुन्या लोडरमध्ये आणि यात काय फरक वाटते ते.” मला मॅडम म्हणणारी ही पहिलीच. म्हणून लिहायला बसले.

तर फरक. आमचा जुना लोडर अकोल्याच्या गफ्फारभाईंनी त्यांच्या वर्कशॉपात बनवला, आम्ही खताचं यार्ड सुरू केलं त्या वर्षी. तो तेलाच्या जोराने वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. बकेट ओतायची तर दोरी ओढायची, खटका सुटतो आणि बकेट उलटी होते. पुन्हा खटका बसवायला बकेट जमिनीवर टेकवून ट्रॅक्टर मागे घ्यायचा. नव्यात दोरी नाही, खटका नाही. उजव्या गुडघ्याजवळ एक वीतभर दांडी, तीच चारही बाजूंना फिरते. मागे ओढली की वर, पुढे ढकलली की खाली, डावीकडे भरते, उजवीकडे ओतते. आचलने दोन बोटांनी करून दाखवलं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे नवीन लोडर ट्रकच्या फाळक्यावरून आत ओततो. जुना ट्रॉलीच्या वर जात नाही, म्हणून ट्रक भरायचा तर आमच्या बाया डोक्यावर घमेलं घेऊन फळीवरून चढतात. मागच्या हंगामात पार्बताबाई त्या फळीवरून खाली आल्या, अजून वाकताना कंबर धरतात.

आमचे हे लांबून बघत उभे होते. आचलने “काका, या ना, बसून बघा” म्हटलं तर म्हणाले, “खेळनं हाय हे. दोन दिवसांत मोडते.” मुलीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, चहात मीठ घालून द्यावं यांना.

२१ डिसेंबर, शनिवार

शेवटी आज बसले नव्या लोडरवर. बसणार नाहीत तर करतील काय? तिवशाकडच्या संत्रेवाल्यांच्या बागा ताणावर आहेत, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडलं आहे. आंबिया बहाराचं पाणी सोडायच्या आधी त्यांना शेणखत झाडाच्या बुडाशी हवं असतं, आणि यंदा सगळे दहा चाकी ट्रकच पाठवणार आहेत. यार्डात लोडर चालवणारं माणूस एकच. कापसाच्या दिवसांत दुसरा ड्रायव्हर शोधायला गेलं तर दिवा घेऊन हिंडावं लागतं.

पण चालवलं कसं म्हणाल, तर बकेट नुसती थरथरत होती. अर्धं खत ढिगातच सांडलं. वर न्यायची तर मधेच उलटी होत होती. खाली उतरले आणि म्हणाले, “याच्या दांडीले हात लावला का मशीन उडी मारते. मानसासाठी बनवली का बेडकासाठी?” बाया हसल्या. मला मात्र राग आला. हाच माणूस जुन्या लोडरवर बसला की बकेटीच्या ओठावर ठेवलेला विटेचा तुकडा पडू देत नाही.

आमच्या यार्डाची एक रीत लिहून ठेवते, आचलला सांगायला हवी. बाया ढिगातलं प्लास्टिक वेचतात तेव्हा एक जण बकेटीपुढे उभी राहून ड्रायव्हरला खूण करते. मूठ वर गेली की उचला, पुढे चला. हात उघडा वर गेला की जागच्या जागी थांबा. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. खूण करायचं काम पार्बताबाईंचं. तो मान त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

आचल जाताना एक धोक्याची गोष्ट पुन्हा सांगून गेली. जुन्या लोडरची दांडी सोडली की ती मधे येते आणि लोडर थांबतो. नव्याची दांडी पार पुढे ढकलली तर तिथेच अडकून बसते. जमीन सारखी करताना त्याचा उपयोग आहे, पण बकेट वर असताना तसं झालं तर ती धाडकन खाली येणार. यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि नंतर पार्बताबाईंना, त्यांना कळेल अशा भाषेत, दोनदा समजावून सांगितलं. यंत्र समजण्यात आमच्या माणसाला तोड नाही, हे मान्य करावंच लागेल. अडचण डोक्याची नाही, अहंकाराची आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

नवऱ्याला म्हातारचळ लागला की काय कळत नाही. दिवाळीपासून शर्ट घालणं सोडलं, टी-शर्टच हवा. इतक्या थंडीत गळ्यातून स्वेटर ओढून घेतात. आणि जेवायला चमचा! वरण-भात चमच्याने, पिठलं चमच्याने. भाकर दिली की “भूक नाई” म्हणतात, पोळी मात्र दुधात भिजवून मागतात. मी म्हटलं, “साहेब, काटा-सुरी आणू का?” हसले नाहीत. एरवी माझ्या अशा बोलण्यावर एखादं उलट उत्तर तरी यायचं.

चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसतात. म्हणे थंडी आहे.

आज जुना लोडरच चालवला. ट्रक परत गेला नाही एवढंच, बायांनी फळीवरून भरला. पार्बताबाई मला येऊन म्हणाल्या, “बाई, ते नवीन मशीन हाय न उभं? मंग आमी काहून मरून राहिलो?”

२९ डिसेंबर, रविवार

आज माझ्या भावाच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तुपाची धार, वांग्याची भाजी, घट्ट वरण. सगळा गोतावळा आला होता. यांना पंगतीत माझ्या भावाने हाताला धरून बसवलं, पानावर रोडगा ठेवला. हे पानाकडे बघत राहिले. सगळे कुस्करायला लागले तरी यांचा हात मांडीवरच. मग एकदम उठले. “पित्त झालं,” म्हणाले आणि विहिरीकडे चालायला लागले.

माझ्या माहेरच्या अन्नाला पाठ दाखवली. वहिनीने ते पान उचललं तेव्हा माझी मान खाली गेली. घरी येताना गाडीत मी म्हटलं, “माया भावानं तुमचं काय घोडं मारलं?” तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “तसं नोको समजू.” मग कसं समजू? घरी येऊन ताटभर भात खाल्ला. चमच्याने. पित्त झालेल्या माणसाने!

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले, दुःखाने नाही, एवढं इथे लिहून ठेवते.

२ जानेवारी

नवीन डायरी कोणी दिली नाही, म्हणून याच डायरीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आले. वार चुकीचे छापलेले आहेत, ते सोडून द्यायचे.

तिवशाचे दोघे जण फोनवर फोन करतात. ताण तुटायच्या आत खत पोचलं नाही तर ते दुसऱ्याकडे जातील, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक मुळा-भाजीसारखं परत उगवत नाही. बाहेर उभा असलेला नवीन लोडर पाहून लोक विचारतात, “शो साठी आनला का?”

जुन्या लोडरबद्दल एक लिहायचं राहिलं. त्याची उचलायची दांडी आधी सरळ होती, सगळ्या ट्रॅक्टरला असते तशी. दिवाळीत यांनी गफ्फारभाईंकडून ती लांब आणि वाकडी करून घेतली आणि टोकाला लोखंडाची एक मोठी कडी बसवून घेतली. उंटाची मान दिसते. मी विचारलं होतं, “हे काय ध्यान?” तर म्हणाले, “आरामात चालते.” तेव्हापासून डाव्या हाताने स्टेअरिंग आणि दोरी, उजवा कडीत, आणि स्वारी राजासारखी बसलेली. या कडीचंच एवढं कौतुक आहे की नवीन दांडी डोळ्यांत खुपते, असं माझं मत आहे. पुरुषांना हाताखालच्या वस्तूचा लळा लागतो, माणसांचा लागो न लागो.

आज स्पष्ट सांगितलं. उद्यापासून नवीन लोडरच चालवायचा, नाहीतर मी कुठूनही ड्रायव्हर आणते. यार्ड माझ्या नावावर आहे, हेही बोलून गेले. ते शब्द तोंडातून निघाले तेव्हाच नको होते असं वाटलं. हे म्हणाले, “ठीक हाय. चालवतो.”

४ जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी तिवशाचा ट्रक लागला. हे नव्या लोडरवर. पहिल्या चार-पाच बकेटी हळूहळू, पण गेल्या. मी मनात म्हटलं, बघा, जमतं की नाही. सहावी बकेट भरून वर गेली, ट्रकच्या फाळक्याइतकी. पार्बताबाई पुढे उभ्या होत्या, त्यांनी हात उघडून वर केला, थांबा म्हणून, कारण ढिगात त्यांना काचेचा तुकडा दिसला होता. हात वर ठेवूनच त्या वाकल्या. आणि बकेट सुटली.

भरलेली बकेट वरून सरळ खाली आली. पार्बताबाईंच्या पायापाशी त्यांचं घमेलं होतं, ते कागदासारखं चपटं झालं. त्या मागे पडल्या म्हणून वाचल्या. इंजिन चालूच होतं. हे सीटवर बसून उजव्या हाताकडे बघत होते. मग डाव्या हाताने किल्ली बंद केली, खाली उतरले आणि पार्बताबाईंच्या पुढ्यात मातीत बसले.

पार्बताबाईच म्हणाल्या, “उठा भाऊ. मले काई नाई झालं. घमेलं गेलं.”

दुपारी मी आचलला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. मशीन खराब आहे, माणसं मारायला विकता का, सगळं.

५ जानेवारी

रविवार असून आचल मेकॅनिकला घेऊन आली. दोघांनी सकाळपासून सगळं तपासलं. तेल, पाइप, दांडीचा प्रत्येक सांधा. भरलेली बकेट वर नेऊन तासभर तशीच ठेवली, बोटभरही उतरली नाही. आचल मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, मशीनमध्ये दोष नाही. दांडी पार पुढे ढकलली गेली, तेव्हाच अशी पडते.” (आता मॅडमची काकू झाले.) मी म्हटलं, त्यांना ते चांगलं माहीत आहे, त्यांनी स्वतः पार्बताबाईंना समजावलं होतं. ती म्हणाली, “हो, म्हणूनच मला कळत नाही.” मग तिने विचारलं, “काका नेहमी डाव्या हाताने पाणी पितात का?” काय संबंध? आजकालच्या मुली डोक्यात काय घेऊन फिरतात देव जाणे.

ती गेल्यावर माझ्या डोक्यात ते आलं. ज्याला माहीत आहे त्याच्याकडून चूक होत नाही. ज्याला माहीत आहे तो मुद्दाम करतो.

हे गोठ्याच्या पायरीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. “तुमी मुद्दाम केलं. मशीन वापस जावं म्हून.”

खाली बघत राहिले.

“बोला न. मुद्दाम केलं का नाई?”

“हो,” म्हणाले. “मुद्दाम केलं.”

“पार्बताबाईच्या जिवावर?”

“हो म्हनलं न.”

मी परत आले. इतकी वर्षं मी या माणसासोबत राहिले, आणि आज पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. कोणाला सांगू हे? आमची मुलगी अमरावतीला परीक्षेच्या अभ्यासात आहे. भावाकडे तर तोंड दाखवायची सोय नाही.

६ जानेवारी

बोलणं बंद आहे. ताट वाढते आणि उठते. पार्बताबाई कामावर आल्या, नवं घमेलं मागितलं, यांच्याबद्दल चकार शब्द नाही. उलट यांना चहा नेऊन दिला. मला त्या बाईचाही राग आला.

८ जानेवारी

बार्शीटाकळीत दोन ड्रायव्हरांना विचारलं, दोघेही कापसाच्या जिनिंगवर लागले आहेत. तिवशाच्या एका गिऱ्हाइकाने आपला ट्रक दुसरीकडे पाठवला. उरलेले दोघे संक्रांतीनंतर तीन दिवस थांबतो म्हणाले, त्यापुढे नाही. संक्रांतीला आचलला सांगायचं आहे, लोडर ठेवायचा की परत न्यायचा.

ठरवलं. मीच शिकते. ट्रॅक्टर मला थोडा चालवता येतो, शेतातल्या शेतात. आधी जुन्यावर हात बसवीन, मग नव्यावर. यांना विचारणार नाही.

९ जानेवारी

सकाळी हे भाड्याच्या ट्रॅक्टरसोबत गोरक्षणात, म्हणजे गोशाळेत, शेणाची ट्रॉली आणायला गेले तेव्हा मी जुन्या लोडरवर चढले. इतक्या वर्षांत त्याच्या सीटवर कधी बसले नव्हते.

इंजिन चालू केलं. उजवा हात त्या उंटाच्या मानेकडे नेला आणि धरायला गेले तर धरायला जागाच नाही. कडी हातात मावण्यापेक्षा मोठी, आणि आडवी बसवलेली. बोटांनी पकडून ओढली तर मनगट पिरगळतं, जोर लागत नाही. मी मनात गफ्फारभाईंना शिव्या दिल्या. एवढा कारागीर आणि मूठ कुठे बसवावी कळत नाही. कडीला आतून कापड गुंडाळलं होतं, माझ्याच एका जुन्या निळ्या लुगड्याचं. तेलाने काळं झालेलं, पण मऊ. बोटांसाठी इतकं मऊ कशाला?

मग सहज हात कडीतून आत घातला, मनगटापर्यंत, बांगडी घालावी तसा. खांद्याने ओढलं. बकेट अलगद वर आली. खांदा पुढे केला, अलगद खाली. विटेचा तुकडासुद्धा पडला नसता. आणि माझी पाचही बोटं कडीच्या पलीकडे मोकळी लोंबत होती. त्यांना काहीच काम नव्हतं.

ही दांडी ज्याची बोटं धरत नाहीत अशा हातासाठी बनवली आहे.

चमचा. शर्टाची बटणं. दोन्ही हातांत चहाचा ग्लास. न तुटणारी भाकर. रोडगा! पंगतीत सगळ्यांसमोर एका हाताने कुस्करता न येणारा रोडगा, आणि मी गाडीत काय बोलले. अरे देवा. एवढ्याशा दांडीवर त्यांना जबरदस्तीने मी बसवलं. त्या दिवशी थांबवायला गेले असतील आणि बेजान बोटांखालून दांडी मधे न राहता पार पुढे गेली असेल. यार्ड माझ्या नावावर आहे म्हणून सांगून बसवलं.

गफ्फारभाईंना फोन लावला. मी काही विचारायच्या आत माझा आवाज ऐकून ते म्हणाले, “भाबी, मालूम पडलं का?” मग म्हणाले, “मले त्यानं कसम घातली होती. बोटं बेजान होऊन राहिली म्हने, पन घरी सांगू नोको. मी म्हनलं, डॉक्टरले दाखव. तो म्हने, आधी दांडी बनव. मी त्याच्याच हातावर मोजून बनवली. रोज वाटे का आता सांगतीन, आता सांगतीन. मले माफ करा.”

त्यांच्यावर रागवायचा मला काय अधिकार? ते अकोल्यात राहतात. मी एका ताटाच्या अंतरावर बसत होते.

१० जानेवारी

काल रात्रीपर्यंत धीर झाला नाही. आज सकाळी भाकरी थापल्या, ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसून त्यांची भाकर मी दुधात कुस्करायला लागले.

“हे काय करून राहिली?”

“गफ्फारभाईले फोन केला होता.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, “मुद्दाम केलं म्हून काहून सांगतलं मले? मी तुमाले खुनी समजून राहिली होती.”

म्हणाले, “खुनी म्हनलेलं चालते. माया बापाले लकवा मारला तं पूर्ण गाव लुळ्या म्हने. त्याले नावानं हाक मारनारा कोनी उरला नाई गावात. मी लहान होतो, मलेही लुळ्याचा पोट्टा म्हनत. तुया तोंडून तो शब्द नोको होता.”

मी असा शब्द वापरला असता का? नाही. पण गेल्या महिन्यात या डायरीत मी काय काय लिहिलं आहे ते वाचलं, आणि त्यांना असं वाटलं यात त्यांची चूक नाही. मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. गार होता. अंगठ्याजवळचं मांस आत गेलं आहे. हा हात दिवाळीपासून माझ्या उशाशी होता.

पार्बताबाईंना मी सगळं सांगितलं. त्या प्लास्टिक वेचत वेचत म्हणाल्या, “मले ठाऊक हाय बाई. मी समोर उभी राहतो, मले त्यायचा हात दिसते.” यार्डात मीच एक आंधळी होते.

१४ जानेवारी, संक्रांत

काल अकोल्याला डॉक्टरांना दाखवलं. मानेच्या मणक्यात नस दबली आहे. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल, पुढच्या सोमवारची वेळ मिळाली. बोटं किती परत येतील ते डॉक्टर सांगत नाहीत. उशीर केलात, एवढंच म्हणाले. ऑपरेशनची मला भीती वाटते आहे, खूप वाटते आहे.

आज आचल तिळगूळ घेऊन आली. मी तिला सांगितलं, लोडर राहू दे. तिने फरक काय लिहिला ते मागितलं. ही डायरी तिला कशी देणार? तोंडी सांगितलं. नवीन उंच जातो, बायांची फळी सुटते, दांडी नाजूक आहे, दोन बोटं चांगली असली तर चालतं. जुना संथ आहे, आखूड आहे, पण ज्याच्यासाठी बनवला त्याला ओळखतो. ती लिहून घेत होती, शेवटचं ऐकून थांबली. म्हणाली, “काकू, त्या दिवशी मला विचारायचं होतं, पण हिंमत झाली नाही.”

नव्यावर माझा चार दिवसांपासून सराव चालू आहे. हे शेजारी उभे राहून शिकवतात. शिव्या देतात तेव्हा बरं वाटतं. आज म्हणाले, “तू चालवशीन, बाया वेचतीन. मी काय करू? पोतेच मोजू का?” मी म्हटलं, “बकेट वर गेली का मले खालचं काईच दिसत नाई. तुमी समोर उभे राहा. पार्बताबाईची कंबर धरली हाय.” पार्बताबाईंनी आपला मान सोडताना तोंड वाकडं केलं, पण सोडला.

कबूल करते की हे मी सहज सुचलं म्हणून बोलले. बकेटीपुढे उभं राहून खूण करायची म्हणजे सगळ्यांसमोर हात वर करायचा, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आजच्या सरावात त्यांनी डाव्या हातानेच खुणा केल्या. उजवा स्वेटरच्या खिशात.

१७ जानेवारी

आज तिवशाचे शेवटचे दोन ट्रक. मी नव्या लोडरवर, हे पुढे.

पहिला ट्रक भरला. ट्रकवाला दोनदा म्हणाला, “बाई, संभाळून, फाळका तोडसान.” माझ्या पाठीला थंडीत घाम आला होता. दुसऱ्या ट्रकला धीर वाढला आणि हात जरा भरभर चालायला लागला, तिथेच चुकले असते. भरलेली बकेट वर होती, ट्रक अजून दोन हात लांब, मी पुढे जात होते. बकेटीखालचं मला दिसत नव्हतं, फक्त हे दिसत होते, डावा हात वर, मूठ वळलेली, चल म्हणून.

एकाएकी तो हात खाली गेला. ते वाकले, डाव्या हाताने खाली काहीतरी धरून ओढायला लागले. आणि उजवा हात खिशातून निघून वर आला.

ती मूठ नव्हती आणि उघडा हातही नव्हता. चार बोटं अर्धी वाकलेली, अंगठा आत पडलेला. यार्डात दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर त्याने उचला, चला असंच वाचलं असतं. मला ठाऊक होतं, तो हात पूर्ण उघडला तरी एवढाच उघडतो. मी दांडी मधे आणली आणि दोन्ही ब्रेक दाबले.

ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, बकेट वरच राहिली. बाजूने वाकून बघितलं तर बकेटीच्या बरोबर खाली पार्बताबाई. प्लास्टिकचा तुकडा दिसला म्हणून सवयीने घुसल्या होत्या. यांच्या डाव्या हातात त्यांचा दंड होता. बाया, ट्रकवाला, सगळे यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. हे पार्बताबाईंना बाहेर काढेपर्यंत तो हात वरच होता, आणि त्या बाहेर आल्यावरही त्यांनी तो खाली घेतला नाही, खिशात घातला नाही.

“समजलं तुले?” त्यांनी मला मोठ्याने विचारलं.

“समजलं,” मी म्हटलं.

पार्बताबाईंनी लुगडं झटकलं आणि त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग यांनी तोच हात पुन्हा वर केला, या वेळी चल म्हणून, आणि आम्ही ट्रक भरला.